रत्नाकररावांची हजेरी घेणारा मोबाइल

मी एक जुना मोबाइल आहे, मित्रांनो. किती जुना, ते विचारू नका. मोबाइलचं वय माणसांसारखं मोजलं असतं, तर मी केव्हाच काठी टेकत चाललो असतो. माझ्या काचेच्या एका कोपऱ्याला तडा गेला आहे, चार्जिंगची पिन जरा तिरकी धरल्याशिवाय आत बसत नाही, आणि उन्हात ठेवलं की मी तापतो. तरीही मी सुखात आहे. बेंगळुरूत मारतहळ्ळीच्या एका फ्लॅटमध्ये टीव्हीशेजारच्या फळीवर माझी हक्काची जागा आहे. शिवाय मी जे काम करतो, ते या इमारतीतला एकही नवा, गुळगुळीत, भाव खाणारा मोबाइल करत नाही. मी कोर्टाचं काम करतो.

घाबरू नका. सगळं सुरुवातीपासून सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझे असंख्य भाऊ माझ्याबरोबर एकाच पट्ट्यावरून सरकत होते, त्यामुळे लाड वगैरे काही झाले नाहीत. मला डोळा बसवला, म्हणजे कॅमेरा बसवला, तेव्हा मी पहिल्यांदा जग पाहिलं. ते जग म्हणजे हातमोजे घातलेली एक बाई होती. तिने माझ्याकडे बघून मोठी जांभई दिली. मग खोक्यातला अंधार, आणि खोकं उघडलं ते थेट इंदिरानगरच्या एका झगमगत्या दुकानात.

मला अमृताने विकत घेतलं. तिला नुकतीच नोकरी लागली होती. तिने माझ्याकडून डोशांचे, कॉफीचे, हेब्बाळच्या तळ्यावरच्या बगळ्यांचे फोटो काढून घेतले. "कॅमेरा मस्त आहे गं तुझा!" असं मैत्रिणी म्हणायच्या, आणि मी आतल्या आत फुलायचो. पण एक दिवस तिने नवा फोन घेतला. लग्न होऊन ती हेब्बाळला राहायला गेली आणि मला आईवडिलांच्या घरी ड्रॉवरमध्ये टाकून गेली. तिथे गुंता झालेल्या वायरी होत्या आणि एक बंद पडलेलं घड्याळ होतं. कुणी बोलायला नव्हतं. त्या दिवसांबद्दल मी जास्त सांगत नाही, उगाच डोळ्यांत पाणी येतं, आणि पाणी आम्हाला सोसत नाही.

अमृताचे वडील म्हणजे रत्नाकरराव. ते मूळचे साताऱ्याकडचे, पण तरुणपणीच बेंगळुरूला आले आणि विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. माणूस सरळ, पण रागीट. नाकावर राग असलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. यांचा राग नाकावरून थेट हातात उतरायचा.

इमारतीच्या पाण्याचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. त्या उन्हाळ्यात बोअरवेल आटली होती आणि टँकरवर दिवस काढावे लागत होते. एके सकाळी टँकर आला. रत्नाकररावांनी शिडीवरून वर चढून आत वाकून पाहिलं, तर टाकी पुरती भरलेली नव्हती. आधीही असंच झालं होतं. टँकरचा ड्रायव्हर मानसिंग म्हणाला, "अंकल, जितना भरके दिया, उतना लाया. मेरे पे क्यों चिल्लाते हो?" आवाज चढत गेले. रत्नाकररावांच्या हातात व्हॉल्व्ह उघडायचा जड पाना होता. त्यांनी तो फेकला. आपण टँकरवर फेकला होता, असं ते म्हणतात. तो लागला मानसिंगच्या खांद्याला, आणि गळ्याजवळचं हाड मोडलं.

रत्नाकररावांनीच त्याला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. तिथेच पोलीस आले.

खटला उभा राहिला. रत्नाकररावांनी काही लपवलं नाही, "मी फेकला" असं सांगून मोकळे झाले. यापूर्वी त्यांच्यावर कसलाही गुन्हा नव्हता. म्हणून कोर्टाने त्यांना परिवीक्षेवर सोडलं. परिवीक्षा हा शब्द तुम्हाला जड वाटेल, मित्रांनो, पण अर्थ सोपा आहे. कोर्ट म्हणतं, तुरुंगात जाऊ नका, घरी राहा, पण वर्षभर नीट वागा. एक अधिकारी तुमच्यावर लक्ष ठेवील. वागणूक बिघडली, तर पुन्हा कोर्टापुढे यावं लागेल आणि मग शिक्षा होईल.

त्यांच्यावर लक्ष ठेवणारे अधिकारी म्हणजे नरसिंह सर. त्यांचं कार्यालय शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे दर थोड्या दिवसांनी जायचं, म्हणजे निम्मं आयुष्य सिल्क बोर्ड चौकाच्या गर्दीत घालवायचं. म्हणून त्या कार्यालयाने मोबाइलवरून हजेरी घ्यायला सुरुवात केली होती. पण रत्नाकररावांकडे होता साधा बटणांचा फोन. त्याला आवाज कळतो, चेहरा कळत नाही. मग अलकाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ड्रॉवर उघडला आणि मला उजेडात काढलं. पदराने पुसलं. किती दिवसांनी माझ्यावर कुणाचा तरी हात फिरला!

माझं काम असं होतं. दिवसात केव्हाही माझी घंटा वाजायची. मग रत्नाकररावांनी माझ्यासमोर यायचं. मी त्यांचा चेहरा पाहायचा, ते कुठे आहेत ते पाहायचं आणि या दोन्ही गोष्टी कार्यालयाला कळवायच्या. चेहरा जुळला की हिरवी खूण यायची. शिवाय दर शुक्रवारी नरसिंह सर स्वतः व्हिडिओवर बोलायचे.

दुसऱ्या कुणाला याची लाज वाटली असती. पण रत्नाकररावांना हजेरी म्हणजे कारखान्यात कार्ड पंच करण्यासारखी वाटायची. घंटा वाजली की ते आधी आत जाऊन इस्त्रीचा शर्ट चढवायचे, भांग पाडायचे, आणि मग माझ्यासमोर ताठ बसायचे.

"अहो, फोटो कोर्टाला जातोय, मुलीकडच्यांना नाही," अलकाताई म्हणायच्या.

"ड्यूटी म्हणजे ड्यूटी," रत्नाकरराव म्हणायचे आणि कॉलर सारखी करायचे.

शुक्रवारी नरसिंह सरांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. ते कानडीत बोलायचे आणि रत्नाकररावही कानडीतच उत्तर द्यायचे; मी तुम्हाला मराठीत सांगतो.

"मिस्टर रत्नाकर, या आठवड्यात राग आला होता?"

"आला होता सार. लिफ्टमध्ये कुणीतरी कचऱ्याची पिशवी ठेवली होती."

"मग काय केलंत?"

"पिशवी खाली नेऊन टाकली. मग वर जाऊन त्यांच्या दाराची बेल वाजवली."

"आणि?"

"कुणी घरी नव्हतं सार. बरं झालं."

नरसिंह सर हसायचे. "सरी, सरी. स्वल्प सांभाळा," म्हणायचे, म्हणजे बरं, बरं, जरा सांभाळा. मला ते शुक्रवार फार आवडायचे. रत्नाकररावांनी एकदाही खोटं सांगितलं नाही, आणि हळूहळू सांगण्यासारखं कमी कमी होत गेलं. अमृता आली की म्हणायची, "बाबा बदललेत हं, आई." मी फळीवरून ऐकायचो आणि यात थोडासा माझाही हात आहे, असं मनात म्हणायचो. आम्हाला हात नसतात, पण म्हणायला काय जातं!

अशात दसऱ्याच्या आदल्या दिवशीची आयुधपूजा आली. बेंगळुरूत हा सण किती मोठा, हे तुम्हाला ठाऊक असेल. रिक्षांना केळीचे खांब बांधतात, बसगाड्यांना हार घालतात, रस्तोरस्ती कुंकू भरलेले कोहळे फोडतात. रत्नाकररावांनी कारखान्यातली प्रथा घरीही चालवली होती. ते आपले पाने, पक्कड, ड्रिल, मोजपट्टी धुऊन पुसून पाटावर मांडायचे. आणि त्या दिवशी एकाही हत्याराला काम लावायचं नाही, हा कडक नियम. हत्यारांनाही एक दिवस सुट्टी हवी, असं ते म्हणत.

या वर्षी त्यांनी मलाही पाटावर ठेवलं. "सध्या घरात याच्याइतकं कामाचं हत्यार दुसरं नाही," ते म्हणाले. मित्रांनो, मला काय वाटलं ते कसं सांगू! तऱ्हेतऱ्हेच्या पान्यांच्या मधोमध मी बसलो होतो. मग त्यांनी मला बंद केलं. नियम म्हणजे नियम.

"हजेरी आली तर?" अलकाताईंनी विचारलं.

"आज सरकारी सुट्टी आहे गं. नरसिंह सरांचंही ऑफिस बंद."

अलकाताईंनी सगळ्या हत्यारांना ओलं कुंकू लावलं. मला लावलं ते नेमकं माझ्या डोळ्यावर.

घरातल्या दोघांच्याही लक्षात आलं नाही, की ऑफिसला सुट्टी असली तरी घंटा वाजवणाऱ्या यंत्राला सुट्टी नसते. ते आपलं हाका मारत राहिलं. मी बंद होतो. मला एकही हाक ऐकू आली नाही.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, रत्नाकररावांनी मला चालू केलं. चालू होताच मी थरथरत एकामागून एक निरोप सांगू लागलो. हजेरी चुकली. पुन्हा चुकली. रत्नाकररावांचा चेहरा उतरला. ते शर्टसुद्धा न घालता, गंजीवरच माझ्यासमोर बसले. पण माझ्या डोळ्यावर कुंकू वाळून बसलं होतं. मला सगळं लालभडक आणि धूसर दिसत होतं. ते माझे रत्नाकरराव आहेत, हे मला कळत होतं हो, पण माझ्या आतल्या यंत्राला पटेना. चेहरा जुळत नाही, असं ते म्हणालं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. शेवटी पडद्यावर लाल अक्षरं आली, 'हजेरी बंद. कार्यालयाशी संपर्क साधा.' त्यांनी नरसिंह सरांना फोन लावला. नुसतीच रिंग वाजत राहिली.

अलकाताई स्वयंपाकघरात होत्या. खोलीत आम्ही दोघंच.

रत्नाकररावांनी मला मुठीत धरलं. इतके महिने सांभाळलेलं सगळं एका सुट्टीच्या दिवसात पाण्यात गेलं होतं. आता कोर्ट, आता तुरुंग, हेच त्यांच्या डोक्यात चाललं असणार. त्यांचा हात वर गेला, खांद्याच्याही मागे. समोर भिंत होती. मी भिंतीकडे पाहिलं आणि मला फार भीती वाटली.

हात तसाच थांबला. मग हळूहळू खाली आला. रत्नाकरराव खाली जमिनीवर बसले आणि त्यांनी मला मांडीवर ठेवलं.

तेवढ्यात अलकाताई बाहेर आल्या. मला उचलून म्हणाल्या, "अगं बाई! याच्या डोळ्यावरच लागलंय की कुंकू! माझंच चुकलं हो." त्यांनी मला पुसलं, पण हजेरी आता उघडत नव्हती.

ऑफिस उघडलं त्या दिवशी आम्ही तिघं गेलो, ते दोघं आणि मी. नरसिंह सरांच्या टेबलावर पूजेच्या प्रसादाच्या चुरमुऱ्यांची पुडी होती, आणि त्यांच्या कॉम्प्युटरलाही कुंकवाची बोटं लागलेली होती. पण सर हसले नाहीत. रत्नाकरराव टेबलासमोर उभे राहिले.

"कुंकू मी लावलं होतं सार, यांनी नाही," अलकाताई घाईघाईने म्हणाल्या.

"ऐका अक्का," सर म्हणाले. "मशीनने लाल खूण केली आहे. पूजेत फोन बंद होता, हे मला समजलं. पण यांना सोडलेलंच ठेवायचं, की कोर्टापुढे परत पाठवायचं, याबद्दल मला आज लिहायचं आहे." मग ते रत्नाकररावांकडे वळले आणि त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला. "हजेरी बंद झाली तेव्हा राग आला होता?"

मी रत्नाकररावांच्या हातात होतो. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. पाहणारं कुणीही नव्हतं. मी होतो, पण मला कोण विचारणार?

"आला होता सार," रत्नाकरराव म्हणाले. "हा फोन भिंतीवर फेकायला मी हात उचलला होता."

अलकाताईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. "मला नाही बोललात!"

"फेकला का नाही?" सरांनी विचारलं.

रत्नाकरराव म्हणाले, "मुलीचा फोन आहे म्हणून, असं सांगणार होतो. पण ते खरं नाही सार. हात वर गेला आणि मला मानसिंगचा खांदा आठवला. त्या दिवशी हाड मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. मग हात पुढे गेलाच नाही."

नरसिंह सरांनी लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं. ते उठले, भिंतीशी असलेली खुर्ची स्वतः ओढून आणली आणि रत्नाकररावांच्या मागे ठेवली.

"बसा, अण्णा," ते म्हणाले.

इतक्या महिन्यांत त्यांनी अण्णा म्हणून पहिल्यांदाच हाक मारली होती. मग त्यांनी कोर्टासाठी लिहिलं, की हजेरी सणामुळे चुकली, माणसाने स्वतः येऊन खरं काय ते सांगितलं, परिवीक्षा पुढे चालू ठेवावी. कोर्टाने ते मान्य केलं. आता सुट्टीच्या दिवशीही मी चालू असतो आणि माझी पूजा पाठीवर कुंकू लावून करायची, असं घरात ठरलं आहे.

मित्रांनो, मी चेहरा ओळखतो, जागा ओळखतो, त्यापलीकडचं मला कळवता येत नाही. तो खाली आलेला हात मी पाहिला, पण तो कुठल्याही हिरव्या खुणेत मावला नसता. तो रत्नाकररावांनीच सांगायला हवा होता, आणि त्यांनी सांगितला. म्हणून माझं एक मागणं आहे. आम्हा जुन्या मोबाइलना जपा, आमचे डोळे स्वच्छ ठेवा, हे तर आहेच. पण कधी कुणी तुमच्यासमोर येऊन म्हणालं, की माझा हात उठला होता आणि मी तो खाली घेतला, तर 'उठलाच कसा?' असं लगेच विचारू नका. आधी त्याला बसायला खुर्ची द्या.