गोठ्यातल्या पिचकारीचे गाऱ्हाणे

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पिचकारी आहे. पाणी उडवण्याची नव्हे, गुरांना जंतांचे औषध पाजण्याची. गोठ्याच्या दारामागे खुंटीवर लटकून लटकून मला आता वीट आला आहे.

थोरल्या मालकांच्या हातात होते, तेव्हा माझा दिमाख काय वर्णावा! पावसाळा तोंडावर आला की ते मला गरम पाण्याने धुवत, दट्ट्याला तेल लावत आणि आधी वासरांना, मग मोठ्या गुरांना औषध पाजत. पाऊस सरला की पुन्हा एकदा. "ही माझा उजवा हात आहे," असे ते पाहुण्यांना कौतुकाने सांगत.

ते गेले आणि कारभार त्यांच्या मुलाकडे आला. माणूस वाईट नाही, पण चालढकलीत पटाईत!

एका वर्षी मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, आभाळ भरून आलंय. कालवडीला औषध पाजून घ्या."

"चांगली टुणटुणीत आहे की! कशाला उगाच?"

मी ओरडणार कशी? कालवड ओढ्याकाठचे ओले गवत खात राहिली आणि त्या गवताबरोबर जंतांची पिल्ले तिच्या पोटात गेली. तिला पातळ शेण होऊ लागले, पोट सुटले, जबड्याखाली सूज आली. तेव्हा कुठे मालकांना माझी आठवण झाली. माहेरी आलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीने कपाळावर हात मारला. "वरातीमागून घोडं!"

औषध घशाखाली उतरले, पण कालवडीच्या अंगात रक्तच उरले नव्हते. सकाळी ती उठली नाही. मालकीणबाई तिच्या मानेवरून हात फिरवत बसून राहिल्या. मालक मात्र माझ्यावरच खेकसले, "ही पिचकारीच मेली गळकी!"

मी गळत नव्हते हो! मला काढायलाच उशीर झाला होता.

मग धसका घेतलेल्या मालकांनी दुसरे टोक गाठले. उठसूट औषध, आणि तेही पुरवून पुरवून, थोडे थोडे. शेवटी गुरे पुन्हा खंगली, तेव्हा डॉक्टरीणबाई आल्या. शेण तपासून म्हणाल्या, "दादा, जंत आता या औषधाला भीक घालत नाहीत. तुम्हीच त्यांना सवय लावलीत. मी दुसरं देते, पण आधी शेण तपासायचं, हंगाम आणि वजन बघायचं, मगच पाजायचं."

"बरं ताई," मालक म्हणाले. बरं म्हणायला काय जाते?

मित्रांनो, मुक्या जनावराला आपले दुखणे सांगता येत नाही. ते खंगेपर्यंत थांबू नका आणि भीतीपोटी औषधांचा माराही करू नका. वेळ साधा. वेळ चुकली की माझ्यासारखीला नुसते बघत राहावे लागते.

आज वारा फिरला आहे, पावसाळा पुन्हा तोंडावर आला आहे. मालकीणबाईंनी विचारले, "शेण तपासायला नेलंत का?"

"उद्या नेतो."

त्या वाद घालत बसल्या नाहीत. डबीत शेण भरले, झाकण घट्ट लावले आणि सायकल काढली.

"अगं, निघालीस कुठे?"

"उद्याच्या आधी पोचायला," त्या म्हणाल्या आणि फाटकाबाहेर पडल्या.