ई भट्टीचा आकडा

विक्रम सरांना एक्सेलचे मॅक्रो लिहिता येतात हे उद्यमबागेतल्या त्या फौंड्रीत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते स्वतःच दिवसातून दोनदा सांगायचे. पुण्याचा सहा आठवड्यांचा कोर्स, त्याचं प्रमाणपत्र टेबलामागं काचेत मढवलेलं. क्वालिटी ऑफिसात नव्यानं लागलेल्या सुविधाला पहिल्या आठवड्यात त्या काचेचं कौतुक वाटलं. दुसऱ्या आठवड्यात तिनं त्यांचा कोड उघडून पाहिला आणि कौतुक संपलं.

मॅक्रोचं, म्हणजे एक्सेलला आपोआप कामाला लावणाऱ्या त्या कोडचं, काम तसं साधं. भट्टीवरच्या टॅबलेटवर प्रत्येक ओतकामाचा नंबर टाकला जाई. बारा तारखेला बी भट्टीचं तिसरं ओतकाम म्हणजे १२बी३. लॅबचं मशीन त्याच नंबरखाली लोखंडाचा कठीणपणा नोंदवी. मॅक्रोनं इकडचा नंबर तिकडं शोधायचा, आकडा उचलायचा आणि पास की नापास ते छापायचं. मध्येच काही अडलं तर? विक्रम सरांनी सुरुवातीलाच एक ओळ घालून ठेवली होती : चूक आली तरी थांबू नकोस, पुढं चल.

"युजरला एरर दिसता कामा नये," ते मोठ्या अभिमानानं सांगत.

घरात धूर कोंडला तर हा माणूस खिडकी न उघडता डोळे मिटून घेत असेल, असं सुविधाला वाटे.

त्या महिन्यात चार तारखेला नवी ई भट्टी सुरू झाली. बावीस वर्षं लोखंड वितळवणारे सिद्रामअण्णा तिच्यावर नेमले गेले. आणि पहिल्या दिवसापासून ईचा सगळा माल रिपोर्टात लाल. नापास, नापास, नापास. मॅनेजर मारुतीरावांचा छापील कागदावर जेवढा विश्वास, तेवढा घामेजलेल्या माणसावर नव्हता. नवव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सिद्रामअण्णांना भट्टीवरून काढलं आणि फोडखात्यात धाडलं. नापास माल घणानं फोडायचा, पुन्हा वितळवायला. म्हणजे अण्णांनी आपलाच माल आपल्या हातानं फोडायचा.

दोन दिवसांनी दुपारच्या चहाला ते ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. हातात जुने रिपोर्ट, चुरगाळलेले.

"आमच्या निपाणीचीच न्हवं तू? जरा बघ की ह्ये."

"अण्णा, मी काय बघू? मशीनचा आकडा हाय त्यो." सुविधानं मान वर केली नाही. हीपण एक रडकथाच, असंच तिला वाटलं होतं.

"आकडाच बघ म्हन्तोय. परवा माझी सा ओतकामं झाली. साचीबी दोनशे बावन्न. एका आईची सा पोरं एका तोंडाची नसत्यात, आन् लोखंड कसं येईल गं?"

तिनं कागद हातात घेतला. सहाही ओळींत २५२, पासाची मर्यादा २२०. आणि त्यांच्या वर, डी भट्टीच्या शेवटच्या ओळीत? तिथंही २५२. आदल्या दिवशी डीचं शेवटचं ओतकाम २४८. ईची सगळी २४८. डी भट्टी म्हातारी, तिचं शेवटचं ओतकाम रोज बिघडायचं हे सगळ्यांना माहीत. सलग नऊ दिवस हा कागद तिनंच छापला होता, टाचणी लावली होती, सही घेतली होती. तिचे कान तापले.

ती विक्रम सरांकडं गेली.

"सगळे आकडे सेम आहेत म्हणजे दोष कन्सिस्टंट आहे," ते म्हणाले. "भट्टीचाच प्रॉब्लेम. मॅक्रो चालतोय ना? एरर येतोय का?"

"एरर येऊ नये अशी सोय तुम्हीच केलीय, सर. मध्ये थांबवून व्हेरिएबलमध्ये काय आहे ते बघूया का?"

"मध्ये थांबवलं की फाइल करप्ट होते."

इतकं धडधडीत अडाणीपण इतक्या शांतपणे बोललेलं तिनं प्रथमच ऐकलं. ती आपल्या टेबलावर आली, फाइलची प्रत काढली, शोधाच्या ओळीवर थांबा लावला आणि मॅक्रो चालवला. लाल ठिपक्यापाशी ओळ पिवळी होऊन थांबली. ए, बी, सी, डी. एफ-आठची कळ दाबत ती एकेक ओळ पुढं सरकली. ईची पहिली ओळ आली. तिनं माउस नंबर साठवणाऱ्या व्हेरिएबलवर नेऊन धरला.

असायला हवं होतं १२ई१. होतं एकशे वीस.

१२ई३ च्या जागी बारा हजार. आकड्यांच्या मधला इंग्रजी ई म्हणजे पुढं तितकी शून्यं, असं समजून फाइल उघडतानाच एक्सेलनं नंबराचा हिशेबी आकडा करून टाकला होता. बारा हजार नंबरचं ओतकाम लॅबच्या यादीत कुठून सापडणार? सापडलं नाही, चूक आली, आणि सरांच्या लाडक्या ओळीनं ती गिळली. कठीणपणाच्या व्हेरिएबलात डीचा शिळा आकडा तसाच बसून राहिला, अन् तोच सहा वेळा छापला गेला. लॅबच्या यादीत अण्णांचे खरे आकडे होते : १९८, २०४, २०१. सगळे पास.

तिनं मारुतीरावांना बोलावून आणलं. मागोमाग विक्रम सर आले. मारुतीरावांनी पडद्यावरचा बारा हजार वाचला.

"विक्रम, हे तू कधी उघडून बघितलं नाहीस?"

"सर, सिंपल सोल्यूशन आहे," विक्रम सर म्हणाले. "भट्टीचं नाव बदलूया. ई काढून एफ करा."

आणि खरंच, तासाभरात पेंटर बोलावला गेला! दोन ओळी दुरुस्त करण्यापेक्षा वीस फूट उंच भट्टी रंगवणं ह्यांना सोपं. संध्याकाळी सगळ्यांना मेलही आला : सिस्टिम्स टीमनं त्रुटी शोधून काढली आहे. खाली नाव विक्रम सरांचं. सुविधानं तो वाचला, पुसला आणि नंबर मजकूर म्हणूनच वाचला जाईल अशी दुरुस्ती केली. "पुढं चल" ची ओळ तिनं काढून टाकली, कुणालाही न विचारता.

सिद्रामअण्णांना भट्टीवर परत रुजू व्हायला सांगितलं, तेव्हा ते आधी ऑफिसात आले.

"मलाबी दाव."

तिनं मॅक्रोची जुनी प्रत चालवून थांबवली आणि खुर्ची सोडली. अण्णांनी घणाचे फोड आलेल्या हातानं माउस धरला, ती दाखवेल तिथं नेला. बारीक चौकटीत आकडा उमटला.

"एवढंच व्हय? नुसतं बोट ठेवून बघायचं?"

"एवढंच."

"आन् नऊ दिसांत कुनीबी बघितलं न्हाय."

"न्हाय, अण्णा. मीबी न्हाय."

"किती माल फोडला म्या, म्हाईत हाय? एकशे चौऱ्याऐंशी नग. चांगला हुता गं. नापास माल लई कडक आसतोय, घणाला फटकन फुटतोय. फोडतानाच कळत हुतं, फुटता फुटत नव्हता."

अण्णांनी माउस जागेवर ठेवला, मान हलवली आणि ओल्या रंगाचा वास येत होता त्या भट्टीकडं चालू लागले.