हाक मारायची नाही

दुपारची ड्युटी, छत्तीस खाटा आणि सिस्टर एकटी साधना. जोडीची सिस्टर मोहिनी बाळंतपणाच्या रजेवर गेली, तिच्या जागी कुणी आलंच नाही. "भरती होईपर्यंत सांभाळून घ्या," हे मेट्रनबाईंचं वाक्य साधनाला तोंडपाठ झालं होतं.

त्या आठवड्यात मात्र बायकांचा वॉर्ड भलताच शहाणा झाला होता. कुणी उशी मागेना की पाणी मागेना. साधना मनातून सुखावली. थकलेलं माणूस शांततेचं कारण विचारत बसत नाही.

गुरुवारी ती अकरा नंबरच्या खाटेपाशी आली. सायखेड्याच्या नवसाबाईंनी हात चादरीखाली लपवला होता. साधनानं चादर ओढली. सुई सरकून सलाईन कातडीखाली उतरलं होतं. हात कोपरापर्यंत टम्म फुगलेला.

"कधीपासून?"

"जेवल्यापासून."

"आणि गप्प बसलात?"

शेजारच्या खाटेवरची सरिता हळूच म्हणाली, "सिस्टर, सोमवारी तुम्ही ट्रॉलीला धरून उभ्याउभ्या झोपला होतात. तेव्हाच या नवसामावशींनी सगळ्यांना सांगितलं, पोरीला हाक मारायची नाही. जमेल तेवढं सोसायचं."

साधनानं सुई काढली, हात उशीवर उंच ठेवला, डॉक्टरांना बोलावलं. बोटं हलत होती. "सूज उतरेल," डॉक्टर म्हणाले. ते गेल्यावर साधनानं तो हात पुन्हा एकदा तपासला. याच हातांनी ही बाई झेंडूच्या माळा ओवते. सलाईनऐवजी एखादं जहाल औषध असतं तर?

"आत्तापासून हाक मारायची!" ती वॉर्डभर ओरडली. "मी चिडले तरी मारायची!" ओरडताना तिला रडू फुटलं. इतकी माया आणि इतकी भीती तिला एकदम कधी वाटली नव्हती.

डोळे पुसताना तिच्या ध्यानात आलं, आपण तरी वेगळं काय करतोय? जमेल तेवढं सोसतोय आणि गप्प बसतोय. तिनं कागद घेतला आणि काउंटरशी उभ्यानंच मेट्रनबाईंना लिहायला लागली. हाताचं सगळं लिहिलं, स्वतःची चूकही लिहिली. 'दुसरी सिस्टर मिळाल्याशिवाय हा वॉर्ड सुरक्षित नाही. मी एकटी पुरत नाही.' हे शेवटचं वाक्य लिहायला तिला फार जड गेलं.

"साधना! ए साधना!"

ती धावत अकरा नंबरला गेली. "काय झालं? दुखतंय?"

"नाय गं," नवसाबाई म्हणाल्या. बऱ्या हातानं त्यांनी खाटेजवळचं स्टूल पुढे ओढलं. "हाक मारायला तूच सांगितलं ना? बस हितं. काय लिहायचं ते बसून लिही."

साधना बसली.