धाकटीच्या गाडीची पोलादी चाकं

मित्रांनो, मी एक जुनी रिमोटची गाडी आहे. पण जुनी म्हणून कुणी मला खेळणं म्हटलेलं मला खपत नाही. घरातल्या दोघी बहिणींपैकी थोरलीने मला वडिलांच्या पंखे दुरुस्तीच्या दुकानात, वायरींच्या भेंडोळ्यांत बसून जोडलं. साध्या कार्बनवाल्या मोटरवर मी वर्षानुवर्षं इमानाने धावले. चढावर धापा टाकल्या, पण माघारी फिरले नाही.

मग थोरलीला कितीतरी जास्त जोराच्या ब्रशलेस मोटरची हौस आली. मोटर आली, कंट्रोलर बदलला, दांडगी बॅटरी बसली. आतली दातेरी चाकं मात्र तीच, प्लास्टिकची.

वडील म्हणाले, "म्हातारीला अक्रोड फोडायला देतेस होय?"

ऐकतंय कोण? तिने रिमोटचा घोडा दाबला आणि माझे सगळे दात झडले.

धाकटी तेव्हा मावशीकडे गेली होती. तिच्या गाडीतली दातेरी चाकं पोलादी होती. "ती यायच्या आत परत लावते," असं पुटपुटत थोरलीने ती काढून मला बसवली. मग मी अशी सुटले की गल्लीतली माणसं दाराशी आली. कौतुक मला फार लागतं. थोरली परत लावायचं विसरली, आणि मीही खुशाल मिरवत राहिले.

धाकटी आली ती रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतीच्या तोंडावर. तिची गाडी नुसती गुणगुणायची, जागची हलेना.

"ताई, जायच्या आधी मीच धुतली होती गं. पाणी गेलं असणार. माझ्या हातात काही टिकतच नाही. मी नाही येत शर्यतीला, आणि हा रिमोटही देऊन टाक कुणाला."

थोरली माझा टप पुसत राहिली. पुसलेलाच पुन्हा पुसला. माझ्या पोटात ती चाकं टोचायला लागली. मला तोंड असतं तरी मी बोलले असते का, कोण जाणे.

शेवटी थोरलीने मला उलटी केली आणि पेचकस धाकटीच्या हातात दिला. "उघड."

आत पोलादी चाकावर धाकटीने खुणेसाठी स्वतः लावलेला नेलपॉलिशचा ठिपका होता. तिने त्यावर बोट फिरवलं.

"मागितली असतीस तर दिली असती की."

"तेच तर बोचतंय," थोरली म्हणाली.

मित्रांनो, गाडीला जोराची मोटर जरूर लावा, पण तिचे दात तो जोर पेलतील का ते आधी बघा. नसतील पेलत, तर थांबा. दुसऱ्याच्या गाडीला न विचारता हात लावू नका.

चाकं आपल्या गाडीत परत बसवून धाकटीने ती शर्यतीत पळवली, आणि घरी आल्यावर फळीवर माझ्याच शेजारी ठेवली. भिंतीकडे तोंड करावंसं वाटतं. पण मला कुणी वळवत नाही.