जौफरकाकांची बुडी

"इथं काय लिहायचं?" जौफरकाकांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

ओळ होती, ‘तुम्हाला काय पाहायला आवडेल?’ आमच्या डायव्हिंग सेंटरवर येणारा पाहुणा सगळ्यात आधी तीच ओळ भरतो. कुणी लिहितो पट्टेवाल्या शार्क, कुणी हातोडीसारख्या डोक्याच्या, कुणी नुसतंच ‘मोठं काहीही’. आमच्या या फुवामुला बेटावर परकी माणसं दुसऱ्या कशासाठी येत नाहीत. त्यांचं विमान, खोली, बुड्यांचे दिवस, वाऱ्याचा अंदाज, सगळं जुळवून देणं हे माझं काम. नऊ वर्षं मी ते करते आहे. पण जौफरकाकांना पाहुण्यांच्या खुर्चीत बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून विंचरलेले.

"तुम्हाला काय बघायचंय ते लिहायचं," मी म्हटलं.

त्यांनी ओळीवरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाले, "जागा लिही."

मी लिहिलं. कुठली जागा, हे मी विचारलं नाही. आमच्या बेटावर ते कुणीच विचारलं नसतं.

जौफरकाका बंदरावर मासे कापतात. बंदर झाल्यापासून त्यांचा दगड एकच. दुपारी होड्या परतल्या की कुपा माशांची रास त्यांच्यापुढे पडते आणि तासाभरात ती साफ होते. डोकी आणि आतडी पाण्यात जातात. त्या वासावर शार्क बंदराच्या तोंडाशी येऊन राहिल्या, आणि शार्क आल्या म्हणून पाहुणे आले. आम्ही पाहुण्यांना घेऊन जातो तेव्हा त्यांच्याकडूनच दोन-चार डोकी मागून नेतो. म्हणजे तसं पाहिलं तर आमचा सगळा कारभार त्या माणसाच्या सुरीवर चालतो. त्यांनी मात्र त्या शार्क कधी पाण्याखालून पाहिलेल्या नव्हत्या. वरून दिसणारी काळी सावली तेवढी त्यांच्या ओळखीची.

बंदर नव्हतं तेव्हाची गोष्ट. त्या काळी आमची माणसं शार्क मारत. यकृताचं तेल काढून डोणीच्या लाकडाला लावत. जौफरकाका चौदा वर्षांचे होते, त्यांचा थोरला भाऊ इद्रीस एकोणीसचा. वडिलांबरोबर दोघं संध्याकाळच्या आत परत यायच्या बोलीनं निघाले. आज जिथं बंदराचं तोंड आहे, त्याच्या जरा पुढं, जिथं तळ एकदम खाली जातो, तिथं गळाला मोठी शार्क लागली. दोराचा फेरा इद्रीसच्या पायात अडकला. दोर कापायची सुरी जौफरकाकांकडे होती. ते उठून टोकापर्यंत पोचेतो दोर संपला होता, आणि इद्रीसही डोणीवर नव्हता. तीन दिवस सगळ्या बेटानं शोधलं. काही मिळालं नाही.

त्यांना कुणी बोल लावला नाही. वडिलांनीही नाही. पण आईनं एक गोष्ट केली. तिनं इद्रीसला मेलेला मानलं नाही. देह नाही तर मरण नाही, म्हणाली. त्याची जनाज्याची, म्हणजे मयताची, नमाज पढू दिली नाही. दर खानेसुमारीला सरकारी माणूस दारात आला आणि घरात माणसं किती असं विचारलं, की ती एक माणूस जास्त सांगायची. थोरला कुठाय? मासेमारीला गेलाय. बेटावरची माणसंच ती मोजणी करायची, त्यामुळे समोरचा मान खाली घालून लिहून घ्यायचा. वडील गेले, जौफरकाकांची दोन लग्नं झाली, दोन्ही मोडली. भांडण कुठल्याच बायकोशी झालं नाही. त्यांना त्या घरात राहणं जमलं नाही, एवढंच. शेवटी घरात आई, थोरली बहीण हव्वा आणि काका असे तिघंच उरले. दीड वर्षापूर्वी आई गेली. नव्वदीच्या पुढं होती.

त्यानंतर काका माझ्यापुढं फॉर्म घेऊन बसले.

डॉक्टरांनी कान तपासले, ते ठीक होते. रक्तदाब मात्र वाढलेला. गोळ्या सुरू करा, मीठ कमी करा आणि सहा आठवड्यांनी या, असं त्यांनी सांगितलं. काकांनी सहा आठवडे सुकट तोंडात घातली नाही, हे मला त्यांच्या शेजाऱ्यांकडून कळलं. सहा आठवड्यांनी सही मिळाली. तोवर वारा बदलला होता, म्हणून मी तारीख पुढं ढकलून पाणी शांत असतं त्या महिन्यात नेली. इतर पाहुण्यांबरोबर त्यांना पाठवायचं नाही, हेही मी ठरवलं. शिफाझ आणि मी, दोघंच त्यांच्याबरोबर जाणार होतो.

शिफाझ आमचा सगळ्यात जुना गाईड. त्यानं काकांना बंदराच्या आतल्या उथळ पाण्यात शिकवायला घेतलं. पोहायचं शिकवावं लागलं नाही, काका माशासारखे पोहतात. अडलं ते मास्कपाशी. मास्कमध्ये पाणी शिरलं की ते नाकातून फुंकून बाहेर काढायचं असतं. पाणी डोळ्यांना लागलं की काका धडपडत वर यायचे. पहिल्या दिवशी चारदा आले. दुसऱ्या दिवशी तीनदा. कठड्यावर बसून पाहणारी मंडळी काही ना काही बोलायची. एक जण म्हणाला, काका, तुम्हाला इतक्या वर्षांचा माशांचा वास आहे, खाली गेलात तर त्यांना वाटेल आज जेवण स्वतःच चालत आलं. काका हसले आणि पुन्हा खाली गेले.

चौथ्या दिवशी ते वर आले नाहीत. शिफाझनं नंतर मला सांगितलं की मास्क पाण्यानं भरलेला असताना काका दोन-तीन मिनिटं तसेच गुडघ्यांवर बसून राहिले, तोंडातल्या नळीनं श्वास घेत, डोळे उघडे ठेवून. मग सावकाश पाणी फुंकून टाकलं. तो घाबरला होता. काका घाबरलेले दिसत नव्हते.

एक काम राहिलं होतं. साठीच्या पुढचं माणूस पहिल्यांदा उतरणार असेल तर घरच्या कुणाची तरी सही घ्यायची, असा आमचा नियम आहे. काकांच्या घरी हव्वामावशीशिवाय कुणी नाही. काकांनी दोनदा कागद तिच्यापुढं ठेवला, दोनदा तिनं परत दिला. म्हणून मी गेले.

ती अळूच्या वाफ्यात होती, पोटऱ्यांपर्यंत चिखलात. सत्तरी ओलांडली तरी अळकुड्या काढायला ती कुणाला बोलावत नाही. मी कागदाचं सांगितलं. शिफाझ कसा हुशार आहे, जागा नऊ मीटरच खोल आहे, आजवर एकाही पाहुण्याला ओरखडा आलेला नाही, हे सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि कंद उपटत राहिली.

"पाहुण्यांचं सांगू नकोस मला," शेवटी ती म्हणाली. "ते बघायला येतात. हा बघायला चाललेला नाही. हा खात्री करायला चाललाय."

"कसली?"

"तुला ठाऊक आहे कसली. वर आला की सरळ मशिदीत जाईल नि इमामाला म्हणेल, इद्रीसची नमाज पढा. आईनं मरताना माझा हात धरून सांगितलंय, नमाज नाही. मी काय करू? तिचा शब्द मोडू?"

मी म्हटलं, "मावशी, काका एकसष्टचे झाले. त्यांनी किती दिवस थांबायचं?"

तिनं हातातली अळकुडी टोपलीत टाकली.  मग चिखलाचा हात झग्याला पुसला आणि माझ्याकडून पेन घेतलं.

"खाली जायची सही करते," ती म्हणाली. "नमाजेची नाही."

सही करताना कागदावर तिच्या अंगठ्याचा चिखल उठला तो उठलाच. तो कागद अजून फाईलमध्ये आहे.

बुडीच्या आधी दोन दिवस मासे कापू नका, असं शिफाझनं काकांना बजावलं होतं. ते त्यांनी मानलं. त्यांच्या दगडावर ते दोन दिवस एका बांगलादेशी कामगारानं मासे कापले, आणि काका लांब उभे राहून त्याला कसं चुकतंय ते सांगत होते. ठरल्या दिवशी सकाळी नऊला ते आले. आम्ही त्यांना काळा पोशाख दिला, तळवे पांढरे दिसू नयेत म्हणून काळे हातमोजे दिले. शिफाझनं पुन्हा एकदा सगळं सांगितलं. हात छातीशी. पाठ फिरवायची नाही. जवळ आली तर तिच्या डोळ्यांत बघायचं, मागं सरायचं नाही. काका प्रत्येक वाक्यावर मान हलवत होते.

होडीनं पाच मिनिटं लागतात. खाली उतरताना काकांनी दोरी घट्ट धरली होती, पण श्वास सावकाश चालला होता. तळाशी पोवळ्याच्या मोडक्या दगडांमागं आम्ही गुडघ्यांवर बसलो. शिफाझनं कुप्याचं डोकं दगडाखाली सरकवलं आणि मागं झाला.

पहिल्या दोन लहान होत्या. मग एक मोठी आली, मग आणखी एक. या जागी येणाऱ्या बहुतेक माद्याच असतात. त्या मोठ्यांतली एक चांगली चार मीटरची होती, पोट फुगलेलं, अंगावरचे पट्टे पुसट झालेले. ती आमच्या उजव्या बाजूनं, कुठलीही घाई नसल्यासारखी फिरून आली. पाहुणे अशा वेळी श्वास रोखून धरतात, ते लगेच कळतं, बुडबुडे थांबतात. काकांचे बुडबुडे थांबले नाहीत. मी पाहिलं तर ते शार्ककडे पाहतच नव्हते.

ते समोर पाहत होते. तिथं वाळू संपते आणि तळ एकदम खाली जातो. त्यापुढं निळं पाणी, आणखी निळं पाणी. शिफाझनं दोनदा त्यांच्या दंडाला हात लावून शार्क दाखवली. त्यांनी दोन्ही वेळा पाहिलं आणि पुन्हा मान समोर केली. ती फुगल्या पोटाची एकदा त्यांच्या आणि त्या उताराच्या मधून गेली, हाताच्या अंतरावरून. शिफाझनं सांगितल्याप्रमाणं त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं. ती जाईपर्यंत थांबले. ती गेल्यावर परत उताराकडे.

अडतीस मिनिटं आम्ही खाली होतो. वर येऊन होडीत बसल्यावर शिफाझनं विचारलं, कसं वाटलं. छान, ते म्हणाले. बस, एवढंच. शिफाझचा चेहरा जरा पडला. एरवी वर आलेली माणसं अर्धा तास ओरडत असतात.

मी त्यांना घरी सोडायला गेले, कारण त्यांचे हात गार पडले होते. हव्वामावशी ओट्यावर बसली होती. समोर सुपारी होती, पण कातरलेली नव्हती. काकांना पाहून ती उठली नाही. ते तिच्या शेजारी जाऊन बसले. मी परत फिरणार होते, पण काकांनी मला बसायची खूण केली.

"हव्वा," ते म्हणाले, "खाली अंधार नाहीये."

ती त्यांच्याकडे पाहायला लागली.

"मला इतकी वर्षं वाटायचं, अंधार असेल. म्हणजे अगदी काळाकुट्ट. डोळे मिटले की मला तेच दिसायचं." त्यांनी गार पडलेले हात एकमेकांवर चोळले. "तसं नाहीये. चांगला उजेड आहे. खूप खालपर्यंत दिसतं."

"खालपर्यंत म्हणजे किती?" तिनं विचारलं.

"जिथंवर नजर जाते तिथंवर."

 मावशीनं अडकित्ता घेतला, सुपारी कातरली, त्यांच्या हातावर ठेवली, थोडी माझ्याही. नमाजेचं नाव दोघांनीही काढलं नाही. मी निघाले तेव्हा दोघं समोरच्या रस्त्याकडे पाहत चघळत होती.

चार दिवसांनी, शुक्रवारी, काका मला म्हणाले की असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजेनंतर मशिदीत थांबता आलं तर थांब. हव्वाला सांगितलंय, एवढंही ते म्हणाले. ती काय म्हणाली, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मी थांबले. बायकांच्या बाजूला आम्ही चौघीच उरलो होतो. जाळीतून पुरुषांच्या रांगा दिसत होत्या. पहिल्या रांगेत काका, मागच्या रांगेत शिफाझ आणि बंदरावरची बरीच मंडळी. जनाजा ठेवतात ती जागा मोकळी होती. इमामांनी नाव विचारलं. काकांनी सांगितलं, इद्रीस अली. मग इमामांनी वय विचारलं. त्याची तशी काही गरज नव्हती, सवयीनं विचारलं असावं.

"एकोणीस," काका म्हणाले.

रांगा सरळ झाल्या. तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि हव्वामावशी आत आली. पाय नुकतेच धुतलेले होते, फरशीवर ओले ठसे उमटत होते. ती माझ्या उजव्या हाताला येऊन उभी राहिली आणि तिनं हात बांधले.

ही नमाज उभ्यानंच होते. वाकायचं नाही, टेकायचं नाही. चार वेळा तकबीर, म्हणजे ‘अल्लाहू अकबर’ म्हणायचं, आणि संपते. इतकी लहान असते. शेवटी मी उजवीकडे मान वळवली, मग डावीकडे; तसं केलं की नमाज पुरी होते. जाळीपलीकडे माणसं सैल झाली, कुणीतरी काकांच्या खांद्यावर हात ठेवला, चपलांचे आवाज सुरू झाले. आमच्यातल्या दोघी निघून गेल्या.

मावशी तशीच उभी होती, मान सरळ, हात अजून बांधलेले. मी तिच्या शेजारी थांबून राहिले.