रद्द करा म्हणणारं यंत्र

ताईच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. आत बसायला जागा उरली नव्हती, म्हणून उशिरा आलेले जिन्यावरच टेकले होते आणि आतल्यांना दबक्या आवाजात विचारत होते, "काय म्हणाले?" म्हणाले म्हणजे माझे भावोजी, ताईचा नवरा. ते थंडीत वारले होते, आणि आता उन्हाळ्यात आपल्या कॉम्प्युटरमधून बोलत होते.

मी माणसांतून वाट काढत पुढे गेले. मागच्या खोलीतलं भावोजींचं टेबल पुढच्या खोलीत, अगदी मध्यभागी आणून ठेवलं होतं. पडद्यावर सगळी परकी लिपी. आमच्या गावात कुणालाच वाचता येणार नाही अशी, चौकटी आणि आकड्यांच्या गुंत्यासारखी अक्षरं. आणि त्या गुंत्यात मधेच, तांदळात मणी सापडावा तसा, एखादा स्वच्छ मराठी शब्द. थांबा. मागे. उघडा. पुन्हा प्रयत्न करा.

"बघा," टेबलाशी बसलेला गृहस्थ सांगत होता, "आत्मा परलोकाच्या भाषेत विचार करतो. पण आपल्या माणसाशी बोलायचं म्हटलं की मायबोलीवर येतो. सर्व्हर तिकडचा, संदेश इकडचा. लहर पकडता आली पाहिजे."

या गृहस्थाला सगळे लहरीकाका म्हणत. नावात खोट नव्हती. पूर्वी तो ऑफिसांत फिरून प्रिंटर आणि कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. भावोजी गेल्यावर काही दिवसांनी पाहुण्यांपैकी कुणीतरी त्यांचं यंत्र चालू केलं, तर त्याची भाषाच बदललेली, ताई घाबरली, आणि समोरच्या काकूंनी दुरुस्तीसाठी यालाच बोलावलं. त्याने तासभर खटपट केली. मला येत नाही, एवढं म्हणाला असता तर ही गोष्टच घडली नसती. पण तो म्हणाला, "वहिनी, हा बिघाड नाही. कुणीतरी बोलतंय." काहींना दुरुस्ती जमली नाही की दृष्टांत होतो.

मी एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवते. माझ्या हाताखालून शेकडो पोरं आणि तितक्याच नोकरी शोधणाऱ्या बायका गेल्या. तिथंच उभ्या उभ्या मला कळलं की इथं भाषेचा पॅक, म्हणजे पडद्यावरचे शब्द पुरवणारा भाग, बिघडला आहे, बाकी काही नाही. मी तसं ताईला कानात सांगितलंही. तिने माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी तिच्या नवऱ्याला दुसऱ्यांदा खांदा द्यायला आले आहे.

त्यात मला सगळ्यात वाईट हे कळलं की तिचं ऑपरेशन रद्द झालं होतं.

ताईच्या मानेजवळ गाठ होती. सर्जनबाईंनी तपासण्या केल्या, तारीख दिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "गाठ कुणासाठी थांबत नाही. हिला घेऊन या." मी नेणारच होते. आणि इकडे लहरीकाकाने भावोजींना विचारून टाकलं होतं. पडद्यावर एक कोरं पान उघडून त्यात त्याने टाइप केलं, ऑपरेशन करू का? मग सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. डोळे उघडले तेव्हा पानावर एक चौकट आली होती. चौकटीत दोन बटणं परक्या लिपीत आणि तिसऱ्यावर मराठीत: रद्द करा.

ताईने त्याच दुपारी दवाखान्यात फोन करून तारीख रद्द केली.

मला रडू येण्याआधी चीड आली. तीस वर्षं संसार केलेल्या बाईला कॅन्सलचं बटण ओळखू येऊ नये? मग वाटलं, कसं ओळखू येणार, तिने कॉम्प्युटरला कधी हातच लावला नव्हता. ते भावोजींचं जग. ते सर्वेक्षण खात्यात नकाशे काढायचे आणि निवृत्तीनंतरही घरी बसून काढत राहिले. तिला त्या यंत्राचा फक्त आवाज माहीत होता. तो आवाज पुन्हा घरात सुरू झाला, एवढंच तिला पुरेसं होतं.

मी ठरवलं, वाद नको, यंत्र दुरुस्त करायचं. परकी लिपी गेली की परलोकही जाईल आणि लहरीकाकाही जाईल. हे मला फार सोपं वाटलं होतं.

परकी लिपी वाचता येत नसताना सेटिंग शोधणं म्हणजे आंधळ्याने दुसऱ्याच्या घरात मीठ शोधण्यासारखं. मी माझा लॅपटॉप शेजारी ठेवला. माझ्याकडे वरून चौथी ओळ, तर तिकडेही चौथी ओळ. माझ्याकडे दातेरी चाकाचं चित्र, तर तिकडेही तेच दाबायचं. असं करत भाषेच्या पानावर पोचले, मराठीच्या खाली घालायला इंग्रजीचा पॅक निवडला, उतरवायला लावला. मागे माणसं श्वास रोखून उभी. पट्टी अर्ध्यापर्यंत भरली आणि थांबली. पडद्यावर शब्द आले: पुन्हा प्रयत्न करा.

"ते म्हणतात, अजून वेळ आली नाही," लहरीकाका शांतपणे म्हणाला, आणि कुणीतरी मागे हुंदका दिला.

डिस्क भरली होती. भावोजींच्या नकाशांनी जागाच ठेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी नकाशे बाहेरच्या डिस्कवर हलवले, तर ताईला वाटलं मी तिच्या नवऱ्याच्या वस्तू नेते आहे. ती दारात आडवी उभी राहिली. अर्धा दिवस तिची समजूत घालण्यात गेला. जागा झाली, पुन्हा पॅक लावला, तर आता तो उतरायलाच तयार नाही. शोधता शोधता कळलं, यंत्राची अपडेट कुणीतरी बंद करून ठेवली होती. मी चालू केली, डाउनलोड रांगेला लावून क्लासला गेले. परत आले तर पुन्हा बंद. पुन्हा चालू केली. पुन्हा बंद. आणि दर वेळी पडद्यावर तेच, पुन्हा प्रयत्न करा. मी आपली खरंच पुन्हा प्रयत्न करते आहे, घामाघूम होऊन, आणि माझी प्रत्येक फजिती हा त्याचा एकेक पुरावा होतो आहे. कॉम्प्युटरवाली धाकटी बहीण आली, तिलाही जमलं नाही, म्हणजे काहीतरी आहेच, असं जिन्यावर बोलणं चालू झालं.

मी त्याला सरळ विचारलं, अपडेट तुम्ही बंद करता का? तो लाजलाही नाही. "मीच करतो. लहरींना बाहेरचा अडथळा नको." माणसांनी माना डोलावल्या. वर काकू मला म्हणाल्या, की तो एक पैसा घेत नाही, मग खोटं कशाला बोलेल? पैसा घेत नव्हता हे खरं. पण ज्याला काल कुणी दारात उभं करत नव्हतं, त्याच्यापुढे आज सगळी गल्ली खाली बसत होती. ताई दवाखान्यात गेली असती तर घराला कुलूप लागलं असतं आणि ती बैठकही मोडली असती. माणसं पैशापेक्षा मोठ्या गोष्टींसाठीही खोटं बोलतात, हे काकूंना कसं सांगावं मला कळेना.

त्या दिवशी मी घरी गेले. मग डोक्यात आलं, मी उलटं करते आहे. हे यंत्र बरं केलं तर लोक म्हणतील आत्मा रागावून गेला. त्यापेक्षा दुसरं एखादं यंत्र असंच आजारी पाडायचं.

क्लासमध्ये नवा कॉम्प्युटर आला होता, भावोजी गेल्यानंतर घेतलेला. मी त्यावर मूळ भाषा म्हणून तीच परकी भाषा घातली, वर मराठीचा पॅक चढवला, बाकी काही ठेवलं नाही. यंत्र बंद करून चालू केलं, आणि पडद्यावर जसाच्या तसा परलोक उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मी तो उचलून ताईच्या टेबलावर, भावोजींच्या यंत्राशेजारी ठेवला. खोली भरलेली होती. दोन्हीकडे एकेक पान उघडत गेले. इकडे थांबा, तिकडे थांबा. इकडे मागे, तिकडे मागे. मी सांगितलं, की या नव्या यंत्राला भावोजींनी कधी बोटही लावलेलं नाही. खोलीत चुळबुळ झाली. मला वाटलं, जिंकलं.

"लहर पसरली," लहरीकाका म्हणाला.

आणि माणसं पुन्हा शांत झाली. खरं सांगते, त्या क्षणी दोन्ही यंत्रं उचलून त्याच्या डोक्यात घालावीत असं मला वाटलं. ज्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असतं, त्याला हरवणार कसं?

मी ताईचा हात धरला आणि तिला भावोजींच्या खुर्चीवर बसवलं. म्हटलं, तूच विचार. याच्या बोटांनी नको, तुझ्या बोटांनी. लहरीकाका म्हणाला, अनधिकारी माणसाला उत्तर मिळत नाही. ताईने वर बघितलं आणि म्हणाली, "मी त्यांची बायको आहे." तो टेबलापासून बाजूला सरकला.

मी तिला कोरं पान उघडून दिलं आणि सांगितलं, की लहरीकाका डोळे मिटायला सांगतात तेव्हा फक्त दोन कळा एकदम दाबतात, पान बंद करायच्या. पान जपून ठेवायचं का, असं यंत्र विचारतं. ती चौकट तीच. जपून ठेवा आणि ठेवू नका ही दोन बटणं परकी आहेत, कारण ते शब्द या पॅकमध्ये नाहीत. तिसरं तेवढं आहे. गल्लीतल्या इतरांनी काही विचारलं की होय किंवा नाही येतं, तेही एखादी फाइल पुसायला घेतली की येणारं बटण. करंगळीने कळ दाबून बटणाभोवतीची निळी कड होयवर किंवा नाहीवर, लहरीकाकांना हवी तिथे नेता येते.

ताईने ऐकलं की नाही, कळलं नाही. ती एकेक अक्षर शोधत टाइप करत होती. कळांचा आवाज जिन्यापर्यंत जात असावा. तिने लिहिलं, तुम्ही आहात का?

दोन कळा दाबल्या. चौकट आली. रद्द करा.

मी ती चौकट मिटवून दिली. मग तिने तो प्रश्न पुसला आणि लिहिलं, मी जेवू का? रद्द करा. मी श्वास घेऊ का? रद्द करा. शेवटी तिने नुसतीच कळांवर बोटं फिरवली, काहीच अर्थ नसलेली अक्षरं पडली, आणि तिने पुन्हा त्या दोन कळा दाबल्या. रद्द करा.

ताई उठली. लहरीकाकाकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "हे मला कधी श्वास घेऊ नको म्हणाले नसते." मग लोकांना म्हणाली, की तिला आता थोडं एकटं बसायचं आहे. माणसं उठली. लहरीकाका दारात काही बोलायला वळला, पण चपला शोधणाऱ्यांच्या गर्दीत त्याचं कुणी ऐकलं नाही.

मग मी तिला बसून सगळं सांगितलं. ते यंत्र भावोजींनी जुनं घेतलं होतं, परदेशातल्या कंपनीने वापरून विकलेलं. त्याची मूळ भाषा ती. भावोजींनी त्यावर आधी इंग्रजी घातली आणि वर मराठी. मराठीचा पॅक अर्धाच असतो, सगळे शब्द त्यात नसतात. आपल्याला शब्द आठवला नाही की आपण ज्या भाषेत वाढलो तिच्यावर जातो, तसं यंत्रही खालच्या भाषेवर जातं. खाली इंग्रजी होती तोवर कुणाला नवल वाटलं नाही. डिस्क भरली, अपडेट मधेच अडली, इंग्रजीचा थर गेला, आणि खालून परकी भाषा वर आली. "भावोजी त्यात नाहीत," मी म्हटलं. "पण त्यात मराठी आहे ती त्यांनीच घातली म्हणून आहे." त्यावर ती रडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, माझ्यासमोर.

ऑपरेशन झालं. सर्जनबाई खोटा धीर देणाऱ्या नाहीत. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की ठरल्या तारखेला आली असती तर नुसत्या ऑपरेशनवर भागलं असतं, आता औषधं बरेच दिवस घ्यावी लागतील. ताई घेते आहे. बरी होईल असं त्या म्हणतात. वाया गेलेले दिवस मात्र कुणी परत देणार नाही, आणि लहरीकाकाला त्याचा जाबही कुणी विचारला नाही. काकू अजून म्हणतात, की माझा हात लागला म्हणून लहर गेली. तो स्वतः म्हणे आता दुसऱ्या गल्लीत कुणाच्या तरी मोबाइलमधून संदेश वाचतो.

म्हणून हे लिहिते आहे. यंत्र बोललं, तसबीर हलली, भिंतीवर अक्षरं उमटली, की हात जोडायच्या आधी दोन गोष्टी करून बघा. तेच दुसरीकडे घडतं का ते बघा, आणि तुम्ही विचारलेला प्रश्न बदलून बघा. काहीही विचारलं तरी उत्तर तेच येत असेल, तर ते तुमच्याशी बोलत नाही. कुणी हे करून बघू देत नसेल, तर त्यालाच सगळ्यात आधी तपासा. आणि आपलं माणूस गेल्याचं दुःख असेल तर ते कुणाजवळ तरी बसून रडा, पण डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका.