उकंड्याजवळची माती

"पहा ना मावशी, सरकारी कार्ड आहे. मी थोडीच छापलं घरी?" बाबूलालनं मातीच्या तपासणीचं कार्ड जयवंताबाईंच्या पुढ्यात ठेवलं आणि त्यावर नव्या कराराचा स्टॅम्पपेपर. "तीन वर्षं मिरची घेतली, फुलकोबी घेतली, तरी जमीन एकदम फर्स्ट क्लास. आता पाच वर्षांसाठी द्या. सही करा, चहा पिऊ, मी निघतो."

जयवंताबाईंनी स्टॅम्पपेपर बाजूला सारला, चष्मा पदरानं पुसला आणि कार्ड वाचायला घेतलं. त्यांचा मुलगा अंकुर दाराच्या चौकटीला टेकून मोबाइल पाहत होता. या सहीसाठीच तो सकाळी नागपूरच्या मनीषनगरहून मोटारसायकलनं आला होता.

पारशिवनीच्या ज्युनिअर कॉलेजात जयवंताबाईंनी एकतीस वर्षं प्रयोगशाळेत काढली होती. हुद्दा परिचराचा. काचेची नळकांडी धुवायची, आम्लांच्या बाटल्या भरायच्या, प्रत्येकीवर लेबल लावायचं. शिक्षण दहावीपर्यंतच, पण नवे मास्तर रुजू झाले की आठ दिवसांत हळूच विचारायला लागत, "बाई, हा आकडा बरोबर वाटतो का हो?" कारण पोरांनी आकडे कुठे ढापले आणि कुठे खरे काढले, हे बाईंना वही उघडल्याबरोबर कळायचं.

त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"सेंद्रिय कर्ब शून्य पॉइंट नऊ चार," त्या म्हणाल्या.

"तेच तर! हिरवा शिक्का आहे," बाबूलाल म्हणाला.

"आपल्या शिवारात एवढा कर्ब कोणाच्याच वावरात नाही, बाबूलाल. शेणखत टाकणाऱ्या नत्थूभाऊच्याही नाही. तू तर तीन वर्षांत एक टोपली शेण टाकलं नाही." त्यांनी मान वर केली. "माती कोणं काढली?"

बाबूलालनं अंकुरकडं पाहिलं. अंकुरनं मोबाइलकडं.

"अंकुर, मी तुले विचारून राहिली."

"मीच काढली ना माय. त्या लॅबवाल्याले अर्जंट पाहिजे होती."

"कुठून?"

"वावरातूनच."

"वावर दोन एकर आहे. कुठून?"

अंकुरनं मोबाइल खिशात टाकला. "ऊन होतं वं. तिथं बाभळीखाली सावली होती... जुन्या शेणकचऱ्याच्या उकंड्याजवळ. माती नरम होती तिथली, खणाले सोपी."

बाबूलालला हसू आवरलं नाही. "घ्या! पोट्ट्यानं उकंड्याले फर्स्ट क्लास पास केलं."

जयवंताबाई हसल्या नाहीत. कोपऱ्यातली खणायची टिकास त्यांनी उचलली, घमेलं अंकुरच्या हातात दिलं आणि चपला घातल्या.

"मावशी, कुठं?"

"माती पाहाले."

शेत घरापासून दहा मिनिटांवर होतं. ते जयवंताबाईंच्या सासऱ्यांनी घेतलेलं. नागपूरच्या कापड गिरणीत उमर घालवून, एकदोन पानांचा सातबारा हाती घेऊन तो माणूस गावात परतला, तेव्हा त्या घराण्यात जमिनीच्या कागदावर पहिल्यांदा नाव चढलं होतं. नवरा धम्मानंद गेल्यावर जयवंताबाईंच्या नोकरीची दोन वर्षं बाकी होती आणि गुडघे दुखत होते, म्हणून त्यांनी बाबूलालला शेत ठेक्यानं दिलं. त्यानंतर त्या फक्त रस्त्यावरून पाहत. हिरवीगार मिरची, वाफ्यांवर अंथरलेल्या चकचकीत प्लास्टिकच्या पन्नीच्या सरळ ओळी. बांध ओलांडून आत कधी गेल्याच नाहीत. आता चालताना हे त्यांना सगळ्यात जास्त टोचत होतं. बाटलीत काय आहे ते बाहेरच्या रंगावरून ठरवायचं नाही, हे त्यांनी दोन पिढ्यांच्या पोरांना सांगितलं होतं.

शेत नांगरलेलं होतं. शेजारचे नत्थूभाऊ बांधाच्या धुऱ्यावर बसून तंबाखू मळत होते.

"जयभीम, बाई. आज इकडं कशा?"

"जयभीम, भाऊ. जमीन वापस घ्याले आली."

बाबूलाल थबकला. अंकुर म्हणाला, "माय, असं काय बोलून राहिली तू?"

 जयवंताबाईंनी शेताच्या मधोमध जाऊन टिकास मारली. नांगरलेली असूनही माती फुटेना. तिसऱ्या घावाला ढेकूळ उचकटलं, पाटीसारखं चपटं. वीतभर खोल तिरपा खड्डा करून त्यांनी कडेची दोन बोटं जाडीची चकती कापली आणि हातात घेऊन मोडली. आतून काळ्या-चंदेरी पन्नीची चिंधी निघाली. मग दुसरी, तिसरी. गांडूळ एकही नाही, त्याचं बीळही नाही.

"अकरा तुकडे," त्या म्हणाल्या. नागमोडी चालत त्या पुढच्या जागी गेल्या. तिथं चौदा. त्याच्या पुढं नऊ. नत्थूभाऊ तंबाखू विसरून मागोमाग यायला लागले.

"करारात लिहिलं होतं," जयवंताबाई म्हणाल्या. "जशी घेतली तशी द्यायची."

"नांगरून दिली ना, मावशी!" बाबूलालचा आवाज चढला, पण लगेच खाली आला. तो टोपीनं वारा घेत ढेकळावर बसला. "खरं सांगू? पन्नी वेचाले माणसं भेटत नाहीत. ट्रॅक्टरचा रोटावेटर मारा, बारीक होते, गाडल्या जाते. सगळेच असं करून राहिले. अन् मी नाही घेणार मिरची तर तुमच्या अंकुरच्या मनीषनगरातले लोक खातीन काय?"

"मीही खाल्ली तुही मिरची. नाही म्हणत नाही."

"मग? चारही बाजूनं माहं आहे, ठेक्याचं धरून अठरा एकर. मधात तुमचं दोन. माहा फवारा हवेनं इकडंच येईन. बोअर माही, मोटर माही, पाइप माहे. ते मी काढून नेईन. काय कराल?"

"ने. तुहंच आहे ते."

"एकट्या दोन एकरानं काय होते, मावशी?"

"दोन एकर होते," जयवंताबाई म्हणाल्या आणि सहाव्या खड्ड्याकडं गेल्या.

अंकुर त्यांच्यामागं धावला. "माय, ऐक ना. तू साठ वर्षांची झाली. कोण करीन शेती? मी येईन नागपूरहून? काहून उगीच जिद्द करतं?"

त्यांनी खड्ड्यातून हात काढला. नखांत माती होती, ओठ कोरडे पडले होते.

"तू उकंड्याची माती देल्ली, त्याचा राग नाही मले. तुले फरक कळत नाही, त्याचा आहे. एकतीस वर्षं लोकांच्या पोरांले शिकवलं मी, अन् घरचा राहून गेला. धर घमेलं."

दहा खड्ड्यांची माती एका फडक्यावर पसरली. चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकून दिले, पुन्हा मिसळली, पुन्हा चार केले. शेवटी अर्धा किलो उरली, ती कापडी पिशवीत बांधली. लेबल त्यांनी अंकुरलाच लिहायला लावलं. गट क्रमांक, तारीख, खोली वीतभर, जागा दहा. "नमुना घेणाऱ्याचं नाव" लिहिताना तो अडला.

"तुहंच लिही," त्या म्हणाल्या. "आता खरं आहे."

बाबूलालनं स्टॅम्पपेपरची सुरळी केली. जाताना नत्थूभाऊंना म्हणाला, "पुढच्या साली मलेच बोलावतीन, पहा." नत्थूभाऊ पुन्हा तंबाखू मळायला लागले. स्वतः कसत होते तो तुकडा सोडला, तर त्यांचीही तीन एकर त्याच्याकडंच ठेक्यानं होती.

पंधरा दिवसांनी नवं कार्ड आलं. कर्ब शून्य पॉइंट दोन आठ. अंकुरनं फोनवर आकडा वाचून दाखवला आणि मग पुन्हा एकदा वाचला. बाबूलालच्या माणसांनी तोवर मोटर, पाइप, सगळं काढून नेलं होतं. अंकुरला कार्ड जपून ठेवायला सांगून जयवंताबाईंनी फोन ठेवला आणि पोतं घेतलं.

पन्नी हातानंच निघत होती. ओढली की तुटायची, मग खाली बोटं घालून दुसरं टोक शोधावं लागायचं. गुडघे टेकवत नव्हते, म्हणून त्या बसल्या बसल्याच पुढं सरकत होत्या. सकाळी ऊन तापायच्या आत दोन-अडीच तास, तेवढंच जमत होतं.

रस्त्यावरून बायांनी भरलेला टेम्पो भेंडी तोडायला चालला होता, बाबूलालच्याच वावरात. मागच्या फळीला धरून उभ्या असलेल्या सिंधूताईंनी हाक मारली.

"अवं जयवंता! चिमटीनं वावर साफ करतं का वं? जलम जाईन तुहा!"

टेम्पोतल्या बाया हसल्या. जयवंताबाई न उठता ओरडल्या, "जाऊ दे! माह्याच वावरात जाईन ना!"

टेम्पो धूळ उडवत निघून गेला. ऊन पाठीवर आलं, तेव्हा त्यांनी धुऱ्याकडं वळून अंतर पाहिलं. आठ पावलं, फार तर नऊ. धुऱ्यावर पडलेली तुरीच्या वाळक्या झाडाची एक तुराटी त्यांनी उचलून आणली, हात थांबला होता तिथं ती दगडानं ठोकून उभी केली, हलवून पाहिली, आणि पोतं खांद्यावर टाकलं.